‘जैसे थे’ मजल्यावरची चौकट

१

लांजेवारांच्या वरच्या मजल्यावरून काहीच चोरीला गेलं नव्हतं. भानगड उलटी होती. तिथे एक वस्तू जास्तीची सापडली होती.

गेल्या आठवड्यापर्यंत जिथे भिंतीत नुसतं भगदाड होतं, तिथे शुक्रवारी सकाळी दाराची चौकट उभी होती. सागवानी, उंबरठ्यासकट, दोन्ही बाजूंनी विटा आणि सिमेंट भरून पक्की बसवलेली. दुसऱ्या कुठल्या घरात आयती चौकट मिळाली असती तर लोकांनी पेढे वाटले असते. लांजेवारांच्या घरात मात्र प्रफुल्ल लांजेवार जिन्यावर डोकं धरून बसला होता आणि त्याची आई सिंधुताई खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

कारण वरचा मजला लांजेवारांचा असला, तरी तूर्त तो हायकोर्टाच्या ताब्यात असल्यासारखा होता.

प्रफुल्लचे वडील श्यामराव भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टर १० चं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि जुनवानीत घर बांधलं. खालचा मजला रीतसर, नकाशा पास करून. वरच्याचा नकाशा पास व्हायचा होता, पण श्यामरावांना थांबवेना. त्यांनी स्लॅब टाकून घेतला. मग नकाशा पास होण्याआधी श्यामरावच गेले. शेजाऱ्यानं तक्रार केली, महापालिकेची पाडापाडीची नोटीस आली, प्रफुल्लनं बांधकाम नियमित करून मिळावं म्हणून अर्ज केला आणि तो हायकोर्टात धावला. कोर्टानं दोघांनाही जागच्या जागी बसवलं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत महापालिकेनं एक वीट पाडायची नाही आणि लांजेवारांनी एक वीट लावायची नाही. जैसे थे. सोबत मजल्याचे फोटो जोडले होते, म्हणजे जैसे म्हणजे कैसे यावर पुढे वाद नको.

आणि कोर्टानं नेमलेली वकीलबाई ते फोटो घेऊन आज दुपारी पाहणीला येणार होती.

“गेलं काकू, सगळं गेलं,” प्रफुल्ल म्हणाला. “हुकूम मोडला म्हनून अर्ज फेटाळतील. मंग जेसीबी.”

ज्यांना तो हे सांगत होता त्या चारुलता देशकर दोन घरं सोडून राहत. दुर्गच्या कोर्टात न्यायाधीशांच्या रीडर म्हणून, खटल्यांचे कागद पुढे ठेवण्यात, त्यांचा जन्म गेला होता. समोर पिंजऱ्यात उभं राहून माणसं कशी खोटं बोलतात हे त्यांनी इतकं ऐकलं होतं, की आता खरं ऐकलं तरी त्या जरा सावध होत. गल्लीतल्या हरवलेल्या सिलिंडरपासून पळालेल्या सुनेपर्यंत सगळी प्रकरणं त्यांच्या ओट्यावर येत. फी म्हणून त्या फक्त खरं उत्तर मागत, आणि तेच लोकांना महाग वाटे.

“तू नाही ना केलंस?” त्यांनी विचारलं.

“मी?” प्रफुल्लचा आवाज फाटला. हा प्रश्न विचारायलाच नको होता. हुकूम आल्यापासून खालच्या मजल्यावर कॅलेंडरला खिळा ठोकायचा तरी हा माणूस आधी वकिलाला फोन करी.

“मग कोणावर संशय?”

प्रफुल्लनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हटलं, “वर या अन् पाहा. हळद लावली हाय चौकटीले. कुंकू लावलं हाय. असं कोन करते? घरातली बाईच ना? भूमिकालेच घाई होती वरच्या खोलीची!”

आत काहीतरी स्टीलचं जोरात आपटलं.

२

प्रफुल्लची बायको भूमिका बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण मान ताठ होती.

“काकू, हे मले चोर म्हनून राहिले. आमी काल संध्याकाळी गावाहून आलो. मी चौकट काय पदरात बांधून आनली का तुमसरहून?”

“गावाला कशाला गेला होतात?”

“यांचे काका वारले. तिकडंच होतो सगळे, चार दिवस. माहा दीर पीयूष तेवढा इथं होता, त्याले सुट्टी नाई भेटली.”

चारुलताबाईंनी पिशवीतून देवळातला प्रसाद काढला. त्या सकाळी देवदर्शन करून परस्पर इकडेच आल्या होत्या. “घे, आधी तोंड गोड कर. रिकाम्या पोटी भांडू नये.”

भूमिकानं हात मागे घेतला. “नको काकू. सुतक हाय आमाले. चार दिवस झाले, देवापुढं दिवा नाई लावला मी. प्रसाद कसा घेऊ?”

“बरोबर,” चारुलताबाई म्हणाल्या आणि खडीसाखर स्वतःच्या तोंडात टाकली. तर्काला गोड लागतं असं त्यांचं मत होतं.

“अन् वरून आल्या-आल्या पान्याचा घोर,” भूमिकाचं चालूच होतं. “टाकी ठनठनीत कोरडी. चार दिवस घरात एक मानूस, अन् टाकी रिकामी. रात्री मोटर लावली तवा कुठं चूल पेटली.”

जिना बाहेरून होता. चारुलताबाई एकेक पायरी चढत वर गेल्या. मजला म्हणजे स्लॅब, अर्ध्या भिंती आणि स्लॅबला खालून धरून ठेवलेल्या लोखंडी प्लेटा व बल्ल्यांचे टेकू. हे सेंट्रिंग कधीच निघायला हवं होतं. पण ते असतानाच हुकूम आला, आणि जैसे थे मध्ये सेंट्रिंगही आलं. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एका प्लेटेवर कबुतरांनी संसार थाटला होता. अख्ख्या गल्लीत विनापरवाना बांधकाम करूनही नोटीस न आलेलं तेवढं एकच कुटुंब होतं.

चौकट मात्र सुरेख होती. चारुलताबाई तिच्यापुढे पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. उंबरठ्यावर हळदीची बोटं ओळीनं ओढलेली, प्रत्येक बोटावर कुंकवाचा ठिपका. वर आंब्याची पानं. उजव्या खांबाला पिवळ्या कापडाची छोटी पुरचुंडी बांधलेली. शेजारी एक प्लास्टिकचा ड्रम, तळाशी सिमेंटचं गढूळ पाणी. हुकुमासोबतच्या फोटोत तो ड्रम पालथा आणि कोरडा होता.

“हे सगळं सावकाश केलंय,” त्या पुटपुटल्या. “घाबरून केलेलं नाही.”

खाली उतरून निघताना त्या घराच्या मुख्य दाराशी क्षणभर थांबल्या. श्यामरावांनी घर बांधलं तेव्हाची जुनी चौकट. तिच्याही उजव्या खांबाला एक पुरचुंडी होती, धुरानं आणि वर्षांनी काळी पडलेली.

“सिंधुताई, ही पुरचुंडी मधोमध नाही बांधली? आमच्यात मधोमध बांधतात.”

सिंधुताईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. “आमच्यात उजव्या खांबालेच बांधतात. लांजेवाराईची रीत हाय. माह्या सासूनं मले दाखवली.”

आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. जरा जास्तच लवकर वळल्या, असं चारुलताबाईंना वाटलं.

३

तक्रार करणारे शेजारी गुलाबराव हेडाऊ फाटकातच भेटले. ते जणू वाटच पाहत होते.

“मॅडम, लोकं म्हनून राहिले का मीच लावली चौकट. यांचा मजला पाडासाठी.”

“लावलीत का?”

“अवो मी कावून लावू?” गुलाबरावांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. “मी तक्रार केली, खरं हाय. यांच्या खिडकीतून आमचं रांधनघर दिसते. पन तक्रार पाहाले जो साहेब आला ना, त्यानं यांचा मजला पाहिला, अन् मंग मान वर करून माहा पाहिला. म्हने, तुमचा नकाशा दाखवा.”

“आणि?”

“अन् काय! माहा बी अर्ज पडला हाय तिथंच, यांच्या फायलीखाली. यांचं झालं तर माहं होईल. यांचं पडलं तर माहं उभं राहीन का? मॅडम, मी रोज सकाळी हात जोडतो ना, तर आधी लांजेवारासाठी मागतो, मंग माह्या पोरीच्या लग्नासाठी.”

चारुलताबाईंनी हसू गिळलं. वैर पक्कं होतं, पण दोघांचं नशीब एकाच गठ्ठ्यात बांधलं गेलं होतं. शिवाय गुलाबराव परवाच सिंधुताईंच्या दिराच्या दुःखाचं बोलायला फोनवर रडले होते. लांजेवारांना सुतक आहे हे ज्याला ठाऊक, तो त्यांच्या नावावर खपवायला हळदकुंकू कशाला लावील? ते कोणालाच पटलं नसतं.

ठेकेदार बाबुलाल चौकातच चहा पीत होता. त्याचा खुलासा चहापेक्षा कडक होता.

“मैडमजी, मेरी प्लेटें ऊपर कैद हैं। आदमी जेल जाता है तो जमानत होती है, मेरी प्लेटों की जमानत नहीं हो रही। आता हे नवीन कांड झालं तर अजून कैद. मी चौकट लावीन? मी तर रोज येऊन बघतो, कोणी काही हलवलं तर नाही!”

“काल-परवा आला होतास?”

“इस हफ्ते नहीं। भतीजे का ब्याह था। आता तुमीच पहा, पहिल्यांदा नाही आलो अन् चौकट उगवली.” तो थांबला. “एक बात बोलू? काम आमच्या लाइनचं नाही. मिस्त्री बाहेरचा आहे. पण बनवणारा… दिल से बनवाया है किसी ने.”

हुकूम मोडला होता, पण मनापासून मोडला होता कोणीतरी. चारुलताबाई परत निघाल्या. दोन संशयित गळाले होते आणि उरलेले सगळे एकाच छपराखाली राहत होते.

४

पीयूष हा लांजेवारांचा धाकटा. प्लांटमध्ये कंत्राटी नोकरी, बोलणं हिंदीत, मराठी फक्त आईपुरती. सगळं विकून रायपूरला फ्लॅट घ्यावा असं त्याचं जाहीर मत होतं. मजला पडला तर आई विकायला तयार होईल, हे त्यानं जाहीर केलं नव्हतं, पण हिशेब लहान पोरालाही जमण्यासारखा होता.

“आंटी, मैं तो घर में ही था। ड्यूटी से आया, सो गया। ऊपर गया ही नहीं।”

“चारही दिवस?”

“चारही दिवस.”

“भिंतीत वीट बसवतात, लोखंडी पट्ट्या ठोकतात. तुला आवाज नाही आला?”

“नींद पक्की आहे माझी.”

“चौकटीला काय लावलंय पाहिलंस का?”

“वो… पीला-पीला, लाल-लाल. होली टाइप का.”

चारुलताबाईंनी चष्मा पुसला. उंबरठ्यावर कुंकू ठेवणारा हा हात नव्हे. त्याला तांब्या आणि कलश यांतला फरक सांगताना भटजींनी एकदा हात टेकले होते.

“बरं. आंघोळ कुठे केलीस चार दिवस?”

“काय?”

“काल संध्याकाळी सगळे आले तेव्हा टाकी कोरडी होती. वर मसाला कालवायला पाणी लागलं, ते टाकीतून गेलं. तू घरात असतास तर तुझ्या तोंडावर साबण असतानाच नळ बंद पडला असता. मग तू मोटर लावली असतीस. मोटरीचं बटण आत, स्वयंपाकघरात. टाकी रिकामी झाली आणि कोणालाच कळलं नाही, म्हणजे घरात कोणी नव्हतंच.”

पीयूषचा चेहरा उतरला.

“मम्मी को मत बताना. रायपुर गेलो होतो. फ्लॅट पाहायला. दोस्त के यहाँ रुका था।”

“सुतकात फ्लॅट पाहायला गेलास?”

“आंटी, बिल्डरला सुतक नसते ना!”

हे उत्तर बिनतोड आहे, हे चारुलताबाईंनी मनात मान्य केलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. आवाज अगदी साधा होता.

“वर ड्रमात पाणी न्यायचं तर नळी आतल्या नळाला लावावी लागते. म्हणजे कोणीतरी कुलूप उघडून आत आलं. किल्ली कोणाला दिली होतीस?”

पहिल्यांदाच पीयूष धड मराठीत बोलला.

“नाई सांगनार.”

५

न सांगूनही त्यानं सांगितलंच होतं. चारुलताबाईंनी सगळ्यांना वर बोलावलं. प्रफुल्ल, भूमिका, पीयूष आणि गुडघे धरत जिना चढलेल्या सिंधुताई. कबुतरं प्लेटेवरून पाहत होती.

“प्रफुल्ल, तुझं म्हणणं, हळद लावली म्हणजे घरातल्या बाईनं लावली. निम्मं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “उजव्या खांबाला पुरचुंडी बांधायची रीत तुमच्या घराची. बाहेरच्या माणसाला ती माहीत असायचं कारण नाही. म्हणजे हात लांजेवारांच्या घरातलाच.”

“तेच तर मी म्हनून राहिलो!”

“पुढचं ऐक. तुझ्या काकांचं सुतक तुला आहे, पीयूषला आहे, सिंधुताईंना आहे. आणि भूमिका लग्न होऊन तुझ्या कुळात आली, म्हणून तिलाही आहे. ज्या बाईनं चार दिवस देवापुढे दिवा लावला नाही, माझ्या हातची खडीसाखर घेतली नाही, ती सुतकात चौकट पुजेल? हायकोर्टाचा हुकूम ती एखाद वेळेस मोडेल. हा मोडणार नाही.”

भूमिकानं नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं प्रफुल्लला बरेच दिवस पुरणार होतं.

“मग रीत लांजेवारांची, पण सुतक लांजेवारांचं नाही, अशी बाई कोण? या घरात जन्मलेली, सासूनं सुनेला आणि आईनं लेकीला दाखवलेली रीत शिकलेली. पण लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली. तिला चुलत्याचं सुतक लागत नाही. ती बिनदिक्कत हळद कालवू शकते.”

“नीतू?” आपल्या बहिणीवर असा संशय येईल यावर प्रफुल्लचा विश्वास बसेना.

“पीयूष रायपूरला गेला तेव्हा किल्ली बहिणीकडे ठेवून गेला. बरोबर, पीयूष?”

पीयूषनं जमिनीकडे पाहिलं. “दीदी बोली होती, झाडांना पाणी घालते.”

“आपन गावाले होतो तवा माह्या जावयानं फोनवर इचारलं होतं,” सिंधुताई हळूच म्हणाल्या, “का नीतू तिकडं आली का म्हनून. मले सकाळी पुरचुंडी दिसली, तवाच समजलं. पन पोरीचं नाव कसं घेऊ मी?”

खाली फाटक वाजलं. भिलाई-३ या वस्तीतून आलेली नीतू एका हातात डबा घेऊन जिना चढत होती. घरची माणसं प्रवासाहून दमून आली आहेत म्हणून तिनं जेवण करून आणलं होतं. वर येऊन तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले, डबा खाली ठेवला आणि पदर खोचला.

“हो, मीच मिस्त्री आनून लावली,” ती म्हणाली. “कोनी इचारलं नाई तरी सांगनारच होती.”

“कावून, नीतू? कावून?” प्रफुल्ल ओरडला.

“कारन तू काई करनार नव्हता! महापालिकेच्या ऑफिसच्या बाहेर झेरॉक्सवाला सांगून राहिला होता, दार नसलेली खोली ते मोजतच नाई. म्हनतात अर्धवट ढाचा हाय, अर्ज फेटाळा. चौकट पाह्यजे. तुले सांगितलं असतं तर तू वकिलाले फोन केला असता. अन् उद्या शपथेवर बोलावलं तर तुले खोटं बोलता येत नाई, थरथरते तू. म्हनून तुले सांगितलं नाई. बाबानं हा स्लॅब पोटाले चिमटा घेऊन टाकला होता, दादा. मी तो जेसीबीले कसा देऊ?”

“झेरॉक्सवाला!” चारुलताबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, तिकडे निम्मे हुकूम तोच देतो.”

“अन् लपूनछपून करायचं, तर हळदकुंकू कशाला लावलं, दीदी?” पीयूषनं विचारलं. “बिना उसके कोई समझता भी नहीं।”

नीतूनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं जेवल्यावर हात का धुवायचे असं विचारलं होतं. “चौकट हाय ते. बिनाहळदीची कशी उभी करू?”

बाबुलालही मागोमाग वर आला होता. त्यानं सिमेंटला नख लावून पाहिलं. “अभी कच्चा है. तुम्ही म्हणत असाल तर अब्बी काढतो. भगदाड जैसे का तैसा.”

सगळे चारुलताबाईंकडे वळले. खाली गल्लीत एक पांढरी गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

“एक गुन्हा झाकायला दुसरा करायचा असेल तर मला घरी जाऊ द्या,” चारुलताबाई म्हणाल्या. “ओलं सिमेंट, गढूळ ड्रम, सगळं तिला दिसेल. खरं सांगा. पण सांगण्याआधी एक गोष्ट समजून घ्या.”

त्या भराभर बोलल्या. कोर्टानं मनाई केली होती ती लांजेवारांना. लग्न होऊन गेलेली मुलगी बाहेरची धरली, तर हुकूम एका परक्या बाईनं मोडला. अर्जदारांचा दोष नाही, मजला वाचेल. नीतूला मात्र जाब द्यावा लागेल. पण कायद्यानं ती श्यामरावांची वारस, भावांइतकीच मालक. अर्जात तिचं नाव घातलं नव्हतं, कोणाच्या ते मनातही आलं नव्हतं. तिला घरची म्हटलं, तर हुकूम घरानंच मोडला, आणि मग कोर्ट काय करेल सांगता येत नाही.

“सोपं हाय मंग,” नीतू म्हणाली. “मी बाहेरची.”

कोर्टानं पाठवलेल्या वकीलबाई, उर्वीताई, तरुण होत्या, रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या. त्यांनी फोटो धरला, चौकट पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. त्यांच्या कपाळावरची आठी पाहून बाबुलालनं मनातल्या मनात प्लेटांचा अखेरचा निरोप घेतला.

“हे कोणी केलं?”

“मी,” नीतू पुढे झाली. “याईले काई माहीत नव्हतं. सगळे गावाले होते. मी भिलाई-३ ले राहते. नवरा रेल्वेत हाय.”

“तुमचा या घराशी संबंध?”

“माहेर होतं.”

“होतं?” उर्वीताईंनी मान वर केली. “मला नीट लिहावं लागेल. तुम्ही या घरच्या की बाहेरच्या?”

“बाहेरची लिहा.”

पेन कागदावर टेकलं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, ही चारुलताबाईंची जन्माची सवय. त्या फक्त प्रफुल्लकडे पाहत राहिल्या. प्रफुल्ल थरथरत होता. त्याच्या वडिलांचा स्लॅब डोक्यावर होता, आणि तो वाचवायला त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, जे त्याला फार चांगलं जमे.

“थांबा,” तो म्हणाला. “खोडा ते.”

“दादा, गप राय!”

“तू गप राय! मॅडम, हे माही बहीन हाय. इथं हिचा हिस्सा हाय. घरची लिहा.”

“मिस्टर लांजेवार, विचार करून बोला. याचा परिणाम तुमच्या अर्जावर होऊ शकतो. मजला जाऊ शकतो.”

“जाऊ द्या ना मंग!” प्रफुल्लचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण समोरच्या गच्चीवर गुलाबरावांनी दचकून देवाचं नाव घेतलं. “बाहेरची म्हनून मजला वाचवला, तर त्या मजल्यावर मी झोपू कसा? लिहा घरची. अन् अर्जात हिचं नाव घालाचं राह्यलं, ते बी माही चूक म्हनून लिहा.”

सिंधुताई गुडघे धरत उठल्या आणि लेकीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “माही बी लिहा,” त्या म्हणाल्या.

उर्वीताईंनी लिहिलं, प्रत्येकाला वाचून दाखवलं आणि सह्या घेतल्या. सही करताना नीतूला डोळे आवरले नाहीत.

पुढच्या तारखेला कोर्टानं लांजेवारांना चांगलंच सुनावलं. चौकट स्वतःच्या हातानं काढायला लावली, पुन्हा असं झालं तर अर्ज तिथल्या तिथे फेटाळू अशी तंबी दिली. पण आपण होऊन खरं सांगितलं याची नोंद घेऊन अर्ज जिवंत ठेवला, आणि सगळ्या वारसांना जोडून महापालिकेनं त्यावर निर्णय द्यावा असं म्हटलं. तोपर्यंत जैसे थे. चौकट बाबुलालनं काढली. प्रफुल्लनं एक बाजू धरली, नीतूनं दुसरी, आणि भूमिका खालून दोघांनाही सूचना देत राहिली. नवऱ्याशी ती अजून फक्त सूचनांपुरतंच बोलत होती.

निर्णय अजून झालेला नाही. मजला उभा आहे, पाडलेला नाही आणि पासही झालेला नाही. सुनावणीच्या नोटिसा येतात, तारीख पुढे ढकलल्याच्या येतात, त्रुटी कळवणाऱ्या येतात. फरक एवढाच, की पूर्वी त्या एकट्या प्रफुल्लच्या नावानं यायच्या, आता सगळ्यांच्या नावांनी येतात, आणि एक प्रत भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरवर जाते. ती मिळाली की नीतू हातातलं काम टाकून पहिला फोन भावाला लावते.

“दादा,” ती म्हणते, “मले बी आली!”